अ‍ॅप होईल हो, पण दुसरा माणूस का येईल?

तुमचा प्रश्न दोनदा वाचला. थोडक्यात तो असा: तुम्ही घोडबंदर रोडला राहता, ऐरोलीत आयटीत नोकरी, वय २८. ठाणे आणि नवी मुंबईतल्या मराठी माणसांसाठी 'आपलं' सोशल मीडिया अ‍ॅप काढायचं आहे. गाठीशी सहा लाख आहेत आणि कोड लिहिणारा एक मित्र आहे. विचारल्या आहेत तीन गोष्टी: मोबाइलचा कोड लिहायच्या साधनांपैकी फ्लटर घ्यावं की रिअ‍ॅक्ट नेटिव्ह, सर्व्हरला किती खर्च येईल आणि नोकरी कधी सोडावी. शेवटी जाता जाता एक ओळ टाकली आहे, की काही जण आधी ब्लॉग लिहायला सांगतात, पण ब्लॉग आता वाचतं कोण?

मी २००७ पासून वेबसाइटी बनवते. सुरुवातीची वर्षं महापेला एका कंपनीत, नंतर स्वतःचं काम. मधली दीड वर्षं तुम्ही म्हणताय तोच उद्योग केला आणि बुडवला. त्यामुळे उत्तर लांबणार आहे, आणि त्या जाता जाता टाकलेल्या ओळीवर बरंच बोलणार आहे.

तुमचे तिन्ही प्रश्न अ‍ॅप बनवण्याभोवती फिरतात. बनवणं ही आता फारशी अडचण राहिलेली नाही. लॉगिन, पोस्ट, फोटो, लाइक, नोटिफिकेशन एवढं तुमचा मित्र संध्याकाळचा वेळ देऊनही तीन-चार महिन्यांत उभं करेल. घोडं पेंड खातं ते पुढे. तुम्ही ठाणे स्टेशनबाहेर वडापावची गाडी लावलीत, तर पहिल्या गिऱ्हाइकालाही गरम वडापाव मिळतो. सोशल मीडियात पहिल्या गिऱ्हाइकाला काहीच मिळत नाही, कारण तिथला माल म्हणजे बाकीची गिऱ्हाइकं. दुकान उघडल्या दिवशी कपाटं रिकामी, आणि ती भरायची कोणी, तर जो रिकामी कपाटं बघून परत चाललाय त्यानंच.

आमचं सांगते. जून २०११. आम्ही तिघं, वागळे इस्टेटमध्ये एका छापखान्याच्या वरचा भाड्याचा गाळा. कल्पना अशी, की ठाण्यातल्या गृहसंकुलांतल्या लोकांना एकमेकांशी बोलायला जागा हवी. पाणी कधी येणार, कामाला बाई कुठे मिळेल, शाळेच्या बसचं काय, जुना सोफा विकायचाय. व्हॉट्सअ‍ॅपचे ग्रुप तेव्हा सोसायट्यांमध्ये शिरले नव्हते. पीएचपी, मायएसक्यूएल आणि खालून येणारा शाईचा वास. दहा महिन्यांत २,३०० जणांनी नोंदणी केली. आम्ही पेढे वाटले. मग एका रविवारी मी सर्व्हरच्या लॉगमधून मोजलं, की आठवड्यातून दोनदा तरी परत येणारी माणसं किती. आम्ही तिघं धरून एकतीस.

त्याच सुमारास पहिलं पान उघडायला संध्याकाळी नऊ-नऊ सेकंद लागायला लागले. आम्हाला वाटलं, गर्दी वाढली! प्रत्यक्षात मीच लिहिलेली क्वेरी, म्हणजे डेटाबेसला केलेली विचारणा, प्रत्येक सदस्यासाठी न वाचलेले निरोप मोजायला सगळं टेबल चाळत होती. दोन रात्री बसून सदस्य आणि वेळ या दोन्हींवर मिळून एक इंडेक्स, म्हणजे पटकन शोधायची सूची, टाकला, मोजणी वेगळी काढली, आणि पान पाव सेकंदात यायला लागलं. अभिमानानं दोघांना बोलावून दाखवलं. पान पाव सेकंदात आलं. त्यावर दिवसभरातल्या तीन नव्या पोस्ट होत्या, त्यातली एक आमचीच.

रिकामं पान बघून लोक पळतात म्हणून आम्ही खोटी माणसं तयार केली होती. चौदा. एक कॉलेजातली मुलगी, एक क्रिकेटवेडा, एक पाचपाखाडीत एकटे राहणारे आजोबा. आजोबा माझ्या वाट्याला. त्यांच्या नावानं मी गुडघेदुखी आणि तलावपाळीचे फेरफटके लिहायचे. एकदा लिहिलं, की दोन दिवस ताप आहे, जेवणाचं काय करावं सुचत नाही. हेतू एवढाच, की लोक डबे देणाऱ्या बायकांचे नंबर टाकतील आणि पान भरेल. तासाभरात एका खऱ्या बाईंचं उत्तर आलं: पत्ता सांगा काका, मऊ भात आणि मेतकूट घेऊन येते. मी नुसती स्क्रीनकडे बघत बसले. आजोबांना त्याच दिवशी मुलाकडे पुण्याला पाठवून दिलं आणि उरलेली तेरा माणसंही त्या आठवड्यात बंद केली. त्या बाईंना खरं काय ते मी कधीच सांगितलं नाही. ते अजून टोचतं.

आज वाटतं, की मेतकूट-भात घेऊन निघणारी अशी वीसेक माणसं आमच्याकडे नक्की होती. त्यांना धरून ठेवायचं सोडून आम्ही पाच हजारावा सदस्य शोधत होतो. वेब वापरण्याच्या सवयींवर लिहिणाऱ्या जेकब निल्सन यांनी २००६ मध्ये एक ढोबळ गणित मांडलं होतं: शंभरातले नव्वद नुसतं वाचतात, नऊ कधीमधी बोलतात, सतत लिहितो तो एकच. माझ्या अनुभवात हे बऱ्यापैकी खरं निघालंय. म्हणजे आमचे २,३०० च्या २,३०० रोज आले असते, तरी घर भरणारे तेवीसच.

पैसा कमी पडला म्हणून हे झालं असं म्हणाल, तर आमच्याच महिन्यात, जून २०११ मध्ये, गुगल प्लस सुरू झालं होतं. गुगलकडे पैसा, इंजिनिअर, आणि घराघरात जीमेल. लोकांनी खाती उघडली आणि परत फेसबुकवर गेले, कारण चुलतभाऊ तिकडे होता. २०१९ च्या एप्रिलमध्ये सर्वसामान्यांसाठी ते बंद झालं. त्याआधी सप्टेंबर २०१४ मध्ये ऑर्कुट गेलं होतं, ज्यावर आमच्या पिढीतल्या अर्ध्या ठाण्याच्या ओळखी झाल्या. भारतीय भाषा हेच बळ असंही म्हणाल, तर ट्विटरसारखं भारतीय कू आठवा. २०२० ला आलं, सहा कोटींच्या आसपास डाउनलोड झाले, मराठीसकट अनेक भाषा होत्या, आणि दुसऱ्या कंपन्यांशी बोलणी फिसकटल्यावर जुलै २०२४ मध्ये गाशा गुंडाळला. 'मराठी माणसांसाठी' हे वाक्य ऐकायला गोड आहे. परत येण्याचं कारण म्हणून ते पुरत नाही. मराठी माणूस मराठीत बोलायला व्हॉट्सअ‍ॅपवर आधीच बसलाय.

मग जी चालली ती कशी चालली? यात माझ्या कामाची गोष्ट अशी सापडली, की बरीचशी आज ज्यासाठी ओळखली जातात त्या हेतूनं निघालेलीच नव्हती. ब्लॉगर हे पायरा लॅब्स या छोट्या कंपनीनं १९९९ मध्ये काढलं. त्यांचं मुख्य काम प्रकल्प-व्यवस्थापनाचं सॉफ्टवेअर होतं. फ्लिकर एका ऑनलाइन खेळाच्या पोटातून निघालं. ट्विटर निघालं पॉडकास्टच्या कंपनीतून. इन्स्टाग्राम आधी 'मी इथे आलोय' सांगणारं बर्बन नावाचं अ‍ॅप होतं. लोक त्यातले फोटोच वापरतात हे दिसल्यावर बाकीचं कापून टाकलं. आणि माझं आवडतं उदाहरण, २००३ चं डिलिशस: आवडलेल्या पानांच्या खुणा कुठल्याही संगणकावरून सापडाव्यात एवढंच ते करायचं. जगात तुम्ही एकटेच ते वापरत असलात तरी तुमचं काम होत होतं. दुसऱ्यांच्या खुणा दिसणं ही वरकमाई.

तुमच्या अ‍ॅपला ही एक कसोटी लावून बघा. पहिल्या दिवशी, एकही सदस्य नसताना, ते एकट्या माणसाच्या कुठल्या कामाला येईल? उत्तर नसेल तर फ्लटरचा विचार तूर्त बाजूला ठेवा.

दुसरी अडचण राखणीची. समजा माणसं आली. मग ती भांडतात.

१७ नोव्हेंबर २०१२ ला बाळासाहेब ठाकरे गेले, दुसऱ्या दिवशी सगळं बंद होतं. पालघर तेव्हा ठाणे जिल्ह्यातच होतं. तिथल्या एका मुलीनं त्या बंदबद्दल फेसबुकवर लिहिलं, दुसरीनं ते लाइक केलं, आणि दोघींना अटक झाली. आमच्या साइटवर त्याच विषयाचे दोन धागे पेटलेले. रात्री दीड वाजता मी एकेक प्रतिसाद वाचत होते, हा ठेवू की हा काढू. लाइक करणारीला अटक होते तर साइट चालवणारीचं काय, हे सांगणारं कोणी ओळखीत नव्हतं. शेवटी दोन्ही धाग्यांना कुलूप लावलं आणि दोन्ही बाजूंच्या शिव्या खाल्ल्या. आठवड्याभरात साइट बंद करायचं ठरलं. पैसे तसेही संपत आले होते.

त्या प्रकरणात लावलेलं, ऑनलाइन आक्षेपार्ह मजकुरासाठी शिक्षा देणारं ६६अ हे कलम सर्वोच्च न्यायालयानं मार्च २०१५ मध्ये रद्द केलं. पण जबाबदारी संपली असं समजू नका. माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम ७९ दुसऱ्यांनी लिहिलेल्या मजकुरासाठी तुम्हाला संरक्षण देतं, ते अटी पाळल्या तरच. २०२१ च्या नियमांप्रमाणे तक्रार अधिकाऱ्याचं नाव आणि संपर्क जाहीर करावा लागतो, तक्रार आली की २४ तासांत पोच द्यावी लागते. ५० लाख सदस्यांच्या वर गेलात तर आणखी बरंच काही, पण तो योग तूर्त नाही. अठरा वर्षांखालच्या मुलांची माहिती घेण्यासाठी २०२३ च्या विदा संरक्षण कायद्यात पालकांच्या संमतीची अट आहे, आणि स्थानिक अ‍ॅपवर सगळ्यात आधी दहावी-बारावीचीच पोरं येतात. तुमच्या प्रश्नात तुम्ही आहात आणि कोड लिहिणारा मित्र आहे. रात्री दीडला प्रतिसाद वाचणारं माणूस मला कुठे दिसलं नाही. मराठी चर्चेच्या साइटी बघा: मायबोली १९९६ पासून चालू आहे, मिसळपाव २००७ पासून. तिथलं तंत्रज्ञान कोणाला भुरळ घालणारं नाही. कोणीतरी वर्षानुवर्षं दिवाबत्ती करत बसलंय, म्हणून ती चालली.

इथवरचं मांडून पुढे जाते: माणसं का येतील, एकट्याला काय मिळेल आणि राखण कोण करेल, हे तीन प्रश्न तुमच्या तीन प्रश्नांच्या आधीचे आहेत. त्यातल्या पहिल्या दोन्हींची उत्तरं स्वस्तात शोधायचा मला माहीत असलेला रस्ता म्हणजे लिहिणं.

आता ब्लॉग वाचतं कोण? खरं सांगायचं तर पूर्वीसारखं कोणी वाचत नाही. रोज सकाळी चहाबरोबर पन्नास ब्लॉगांची यादी चाळणारा वाचक १ जुलै २०१३ ला गुगल रीडर हे ब्लॉग एकत्र वाचायचं साधन बंद झाल्यावर फेसबुककडे वळला तो परतला नाही. आता गुगलवर शोधलं की वरच एआयचा सारांश येतो आणि खाली कोणी उतरत नाही. जाहिरातींतून पैसे मिळवायला ब्लॉग काढणार असाल तर काढू नका. पण अडलेला माणूस आजही शोधतो, आणि त्याला हवं ते नेमकं सापडलं की शेवटपर्यंत वाचतो.

माझं एक काम सांगते. नौपाड्यातले एक निवृत्त बँकवाले काका, सोसायटीचे सचिव. २०१९ मध्ये त्यांना साइट बनवून दिली. विषय ऐकून मला जांभई आली होती: मानीव अभिहस्तांतरण. म्हणजे बिल्डरनं जमीन सोसायटीच्या नावावर करून दिली नाही, तर मोफा या सदनिकांच्या मालकीच्या कायद्याखाली जिल्हा उपनिबंधकांकडे अर्ज करून ती करून घ्यायची. ही सोय २००८ च्या दुरुस्तीनं आली. काकांची पद्धत साधी. कोणाचा तरी फोन येतो, काका अर्धा तास समजावतात, आणि त्याच रात्री ते उत्तर नाव-गाव काढून लिहून ठेवतात. नमुना ७ कसा भरायचा. मिळकत पत्रिकेवर जुन्याच मालकाचं नाव असेल तर काय करायचं. इंडेक्स टू, म्हणजे दस्त नोंदणीचा उतारा, हरवलं तर. एका लेखात एकच प्रश्न. पाच वर्षांत साठेक लेख झाले.

पहिल्या वर्षी रोजचे दहा-बारा वाचक. तिसऱ्या वर्षी पुनर्विकासाची लाट आली आणि लोक शनिवारी त्यांच्या घरी कागद घेऊन यायला लागले. काकूंनी चहाला नकार दिल्यावर व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप निघाला; त्यात आज दोनशेच्या वर सचिव आहेत, नौपाड्यापासून कोपरखैरण्यापर्यंतचे, आणि ते काकांशिवाय एकमेकांनाच उत्तरं देतात. गेल्या वर्षी मी त्यांना एक छोटं साधन करून दिलं: कुठला कागद मिळाला, कुठला बाकी, कुठली तारीख कधी, एवढंच. ते एका सोसायटीलाही एकटं वापरता येतं. काकांनी 'स्टार्टअप' हा शब्द आयुष्यात उच्चारला नसेल, पण आम्ही तिघं दीड वर्षात जे उभं करू शकलो नाही ते त्यांनी रोज रात्री तासभर लिहून केलं. आणि लेख लिहिताना त्यांना कळत गेलं, की लोक कुठे अडतात. त्या साधनातला एकही रकाना मी सुचवलेला नाही.

तुम्हाला असा विषय आहे का, हे मला माहीत नाही, आणि सगळा मामला त्यावर अवलंबून आहे. 'ठाणे' हा विषय होत नाही. घोडबंदर रोडवरच्या टँकरच्या पाण्याचा हिशेब हा विषय होतो. ऐरोली-घणसोलीत पाळीत काम करणाऱ्यांचं रात्रीचं जेवण आणि प्रवास हा होतो. पावसाळ्यात येऊरला कुठे जायला परवानगी आहे आणि कुठे नाही, हा होतो.

लिहिणार असाल तर तंत्राच्या थोड्या गोष्टी, ज्या मराठी साइटींवर मी वारंवार दुरुस्त करत आलेय. स्वतःचं डोमेन घ्या. वर्षाला हजार रुपयांच्या आसपास जातात, आणि उद्या घर बदललं तरी पत्ता तुमचा राहतो. एका गिऱ्हाइकाचं सहा वर्षांचं लिखाण एका फेसबुक पानावर होतं. खातं कोणीतरी बळकावलं आणि सगळं गेलं. मजकूर चित्रात टाकू नका. सुविचारासारखी पिवळी पाटी करून त्यावर लेख लिहिणारी मंडळी अजून आहेत. ते लिखाण शोधात सापडत नाही. जुन्या फॉन्टमधल्या पीडीएफचीही तीच गत, सगळं युनिकोडात हवं. लेखाचा पत्ता मात्र रोमन अक्षरांत ठेवा. देवनागरी पत्ता व्हॉट्सअ‍ॅपवर चिकटवला की पुष्कळदा टक्क्याच्या चिन्हांची हातभर माळ होते आणि लोकांना तो व्हायरस वाटतो. ओळींमध्ये अंतर सढळ द्या, इंग्रजीच्या मापानं ठेवलं तर वरच्या ओळीचा उकार खालच्या मात्रेवर बसतो.

वर्गणीदार जमवायला ईमेलवर विसंबू नका. आपल्याकडे ईमेल ओटीपीसाठी असतं. व्हॉट्सअ‍ॅपची ब्रॉडकास्ट लिस्ट करा. तिला २५६ जणांची मर्यादा आहे, आणि ज्यांनी तुमचा नंबर सेव्ह केलाय त्यांनाच निरोप पोचतो. मला ही अडचण वाटत नाही, ते मोजमाप आहे. ज्यानं तुमचा नंबर फोनमध्ये ठेवला तो तुमचा वाचक. शंभर होईपर्यंत अ‍ॅपचं नाव काढू नका.

खर्चाचं उत्तर त्यामुळे छोटं आहे. ब्लॉगला वर्षाला तीन-चार हजार. पुढे अ‍ॅप केलंत तर शे-दोनशे माणसांसाठी महिना हजार-दीड हजाराचा सर्व्हर पुरतो; व्हिडिओ ठेवायचा मोह धरलात तर मात्र हिशेब सांगता येत नाही, म्हणून धरू नका. एसएमएसनं ओटीपी पाठवायला डीएलटीवर, म्हणजे दूरसंचार कंपन्यांच्या एसएमएस-नोंदणी यंत्रणेवर, नोंदणी लागते, त्यात वेळ जातो. गुगल प्लेचे २५ डॉलर एकदाच, अ‍ॅपलचे ९९ दर वर्षी. सहा लाखांतले साडेपाच लाख तसेच राहू द्या.

नोकरी सोडायचं घरावर अवलंबून आहे: हप्ता किती, दुसरं कोणी कमावतं का, आई-वडिलांचा औषधपाण्याचा खर्च. यातलं तुम्ही काही लिहिलेलं नाही. पण समजा हप्ता नाही आणि बायकोची नोकरी आहे, तरीही मी आत्ता सोडा म्हणणार नाही, कारण पहिलं वर्षभर करायचं काम दिवसाला तासाभराचं आहे. ते काम ठाणे-ऐरोली लोकलमध्येही होतं, बसायला मिळालं तर. आम्ही तिघांनी नोकऱ्या सोडल्या होत्या, आणि त्याचा परिणाम असा झाला, की दर महिन्याचं भाडं निघावं म्हणून सदस्यांचा आकडा वाढवण्याची घाई झाली. चौदा खोटी माणसं त्या घाईतून आली.

एक सोपी परीक्षा गुगलनंच ठेवली आहे. प्लेवर वैयक्तिक नवं खातं काढलं, की अ‍ॅप सगळ्यांना खुलं करण्याआधी १२ जणांकडून सलग १४ दिवस चाचणी करून घ्यावी लागते. बहुतेक जण नातेवाइकांचे आणि ऑफिसातल्यांचे फोन मागून ती उरकतात. तुम्ही तसं करू नका. तुमचं लिहिलेलं वाचून ज्यांनी आपणहून नंबर सेव्ह केला, त्यांच्यातले बारा मिळतात का बघा, आणि पंधराव्या दिवशी त्यातले किती जण न सांगता अ‍ॅप उघडतात ते लॉगमधून मोजा.

आणि हो, फ्लटर की रिअ‍ॅक्ट नेटिव्ह ते राहिलंच. तुमच्या मित्राला जे येतं ते.